मुक्ता मंडप डेकोरेटर्स

धनकवडी, पुणे
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय मुक्ता,

तुला नुसतं मुक्ता लिहायचं की मुक्तामॅडम, यावर आपल्या घरात चांगली चर्चा झाली. तुझे बाबा मॅडमच्या बाजूने होते. मी म्हटलं, जिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या तिला मी मॅडम म्हणणार नाही, सरकारने खुशाल म्हणावं. तर प्रिय मुक्ता, पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोन लागला की तुझे बाबा तो माझ्या हातातून काढून घेतात आणि मग नागपूरचं ऊन आणि तुमच्या प्रशिक्षणाच्या मेसमधली डाळ यापलीकडे गाडी जात नाही. मला जे सांगायचंय ते सावकाश आणि पहिल्यापासून सांगायचंय, आणि तू दिवाळीला घरी यायच्या आत ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

तू राज्यकर निरीक्षक झालीस त्या दिवशी काय झालं ते तुला ठाऊकच आहे. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर तुझा दहावीतला फोटो टाकला होता, तेलाने चापून बसवलेल्या दोन वेण्यांचा, कारण तुझ्या बाबांना मोबाइलमध्ये तेवढाच सापडला. पण त्यानंतर जे सुरू झालं ते मी तुला सांगितलं नव्हतं. ऑर्डरी यायला लागल्या. आपल्या धंद्याला तुझं नाव आहे, आणि तू करखात्यात गेलीस, एवढी बातमी पुरली. वाघोलीच्या एका गृहस्थांचा फोन आला, त्यांच्या लॉनचं वर्षभराचं सगळं काम आपण करायचं. मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्यांनी मुलीच्या लग्नासाठी माणूस पाठवला आणि निरोप दिला की मांडव मॅडमच्या घरचाच पाहिजे. दोघांनीही रेट विचारला नाही. अगं, पुण्यात माणूस कोथिंबिरीची जुडी घेताना दोनदा घासाघीस करतो आणि हे लोक लाखांचं काम रेट न विचारता देतात, तेव्हा ते मांडव विकत घेत नसतात एवढं मला कळतं. मी दोघांनाही तारखा मोकळ्या नाहीत म्हणून कळवलं. तुझे बाबा मात्र खूश होते. लेकीचं नाव चालतंय, म्हणायचे. मला रात्रंदिवस एकच घोर होता, की तू खुर्चीवर बसायच्या आधीच तुझ्या नावाचा भाव आपल्या गोदामात ठरायला नको.

तुझ्या बाबांना दोष देत नाही. त्यांचा स्वभावच तसा. तू जन्मलीस त्याच वर्षी त्यांनी आपल्या वडिलांकडून मिळालेल्या जागेवर गोदाम टाकलं आणि धंद्याला तुझं नाव दिलं. तू पाळण्यात, आणि तुझं नाव कनातींवर, ट्रकवर, खुर्च्यांच्या पाठीवर. मी पेठेतल्या कारकुनाची मुलगी, मला हे सगळं जरा भडक वाटायचं. पण त्यांची माणसं जोडायची हातोटी अशी, की बालाजीनगरपासून कात्रजपर्यंत कुणाच्या घरी बारसं असो नाहीतर दहावा, निरोप आपल्याकडेच यायचा. आणि गणपतीत तर विचारू नकोस. आपल्या भागातल्या तिन्ही मोठ्या मंडळांचे मांडव आपलेच. भाडं ठरायचं, दहा दिवस पार पडायचे, विसर्जनानंतर अध्यक्ष यायचे, निम्मे पैसे हातात ठेवायचे आणि हात जोडायचे. मग तुझे बाबाही हात जोडायचे. 'राहू द्या, बाप्पाची सेवा.' जेवढे पैसे हातात आले तेवढ्याचंच बिल फाडायचे, आणि विषय संपायचा.

विषय तिथे संपला असता तर बरं होतं. पण मंडळांना उपकार ठेवून घ्यायची सवय नाही. पुढच्या वर्षीच्या अहवालात, देणगीदारांच्या पानावर, ठळक अक्षरात छापून यायचं, 'श्री. संपतराव, मुक्ता मंडप डेकोरेटर्स, यांजकडून मंडपसेवा' आणि पुढे एक सणसणीत आकडा. दत्तोबाभावजी अध्यक्ष असलेल्या मंडळाने पहिल्या वर्षी एकावन्न हजार छापले. ते वाचून शेजारच्या मंडळाने पंचाहत्तर छापले, आपला देणगीदार लहान दिसायला नको म्हणून. मग दत्तोबाभावजींनी एक लाख एकावन्न हजार केले. अगं, त्या मांडवाचं सगळं भाडं मिळूनसुद्धा तेवढं होत नव्हतं. आणि तुझे बाबा? त्यांनी ती तिन्ही पानं कापून, काचेच्या फ्रेमा करून, दुकानात टेबलाच्या मागच्या भिंतीवर लावली. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचे. मी एकदा म्हटलं, हे जरा जास्त होतंय. तर म्हणाले, तुझ्या माहेरी कुणाचं नाव छापून आलंय का कधी.

मग ते कोरोनाचं आलं. दोन वर्षं मांडव नाहीत, लग्नं नाहीत, कनाती गोदामात घडीवर पडून. गेनबा आणि बाकीच्या पोरांना आपण निम्म्या पगारावर का होईना सांभाळलं, हे तू पाहिलंयस. दोन हजार बावीसचा गणपती हा आपला पहिला मोकळा सीझन होता. ॲडव्हान्स आले होते, त्यातूनच नवीन पाइप घ्यायचे होते आणि पोरांचे पगार द्यायचे होते. आणि आषाढात कर कार्यालयातून एक साहेब जागेची पडताळणी करायला आले. अगदी शांत माणूस. कागद बघितले, नोंदणीचं प्रमाणपत्र बघितलं, आणि मग त्यांची नजर भिंतीवर गेली. तुझ्या बाबांना वाटलं, साहेबांना कौतुक वाटतंय. त्यांनी फ्रेमा खाली काढल्या, रुमालाने पुसल्या आणि साहेबांसमोर मांडल्या. वर चहा सांगितला. साहेबांनी तिन्ही पानांचे मोबाइलवर फोटो काढले, चहा मात्र घेतला नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

नोटीस आली ती तू अभ्यासिकेतून आल्या आल्या वाचलीस. बिल साठ हजारांचं आणि अहवालात सेवा दीड लाखाची, तेव्हा उरलेली रक्कम रोखीने घेऊन लपवली असं का समजू नये, असा सरळ प्रश्न होता. कर, त्यावर व्याज, त्यावर दंड. आपले करसल्लागार श्रीनिवासराव नोटीस वाचून चष्मा पुसत म्हणाले, "संपतराव, लोक पुरावे लपवतात. आपण फ्रेम केलेत. अशील म्हणून आपण अगदी दुर्मीळ आहात." मग गंभीर झाले. म्हणाले, मांडवाचे पैसे खरोखर सोडले, रोख घेतले नाहीत, हे मंडळांनी लिहून दिलं तर प्रकरण टिकणार नाही. नाही दिलं तर आदेश निघेल, वसुली लागेल आणि बँकेतलं खातं गोठूही शकतं. ऐन गणपतीत खातं गोठलं म्हणजे ते ॲडव्हान्स अडकले, आणि मांडव उभे राहिले नाहीत म्हणजे पंचवीस वर्षांचा धंदा बुडाला. तुझे बाबा त्या रात्री जेवले नाहीत. मला म्हणाले, मी कुणाचा रुपया बुडवला नाही गं. मला माहीत होतं. पण ते साहेबांना कसं माहीत असणार?

दत्तोबाभावजींकडे तू माझ्याबरोबर आलीस ते मला काल झाल्यासारखं आठवतं. मंडळाच्या खोलीत ढोलांच्या ढिगाशेजारी सगळे कार्यकर्ते बसले होते. मी कशीबशी विनंती केली. दत्तोबाभावजी कानावर हात ठेवून म्हणाले, "आवं वैनी, आमीच छापलेला आकडा खोटा हाय असं आमीच लिवून द्यायचं? लोक तोंडात शेण घालतील आमच्या. मंडळाची इज्जत हाय का न्हाई काई?" आणि बाकीची दोन मंडळं यांच्याकडे बघून बसलेली, हे काय करतात ते बघू म्हणून. मी उठायच्या बेतात होते. तेव्हा तू बोललीस. आवाज चढवला नाहीस, हात जोडले नाहीस. म्हणालीस, "काका, तो आकडा खरा असेल तर तो मंडळाच्या हिशेबात जमा दिसायला हवा, आणि हिशेब धर्मादाय कार्यालयात जातो. खरा नसेल तर तसं लिहा. दोन्हींत सोपं काय ते तुम्हीच ठरवा." एका पोराने उगाचच ढोल सरकवला.

पण मला तुझा खरा अभिमान वाटला तो त्याच्या पुढच्या वाक्याचा. भावजींना कोंडीत पकडून तू तिथेच सोडलं नाहीस. तू म्हणालीस, खोटा हा शब्द लिहायचं कारणच नाही, असं लिहा की मंडपसेवेचं मूल्य मंडळाने आदरापोटी अंदाजाने छापलं, प्रत्यक्षात मंडळाने एवढेच पैसे दिले आणि त्याशिवाय कोणतीही रोख रक्कम दिली नाही. आदरापोटी. तो शब्द भावजींनी दोनदा उच्चारून पाहिला, आणि त्यांचा चेहरा खुलला. "आदरापोटी म्हणजे खरंच हाय की," म्हणाले, "आदर तर व्हताच." तिथल्या तिथे लेटरहेड मागवलं. त्यांचा शिक्का पडला म्हटल्यावर दुसऱ्या दोन मंडळांची पत्रं तुझे बाबा स्कूटरवर जाऊन घेऊन आले. त्या दिवशी घरी येताना मी मनाशी म्हटलं, ही पोरगी परीक्षा पास होवो न होवो, हिला माणसाची लाज राखून खरं काढून घेता येतं. हे तुमच्या प्रशिक्षणात शिकवतात की नाही मला माहीत नाही.

आणि त्याच आठवड्यात आपल्या घरात ते भांडण झालं. श्रीनिवासरावांना उत्तरासाठी सगळी कामं तारीखवार हवी होती, म्हणून आपण दोघी बसून एकेक ऑर्डर बिलाशी जुळवत होतो. त्यात वाघोलीची दोन लग्नं अशी निघाली की पैसे आले होते आणि बिलच नव्हतं. निर्बंध उठल्यावरची घाई, तुझ्या बाबांनी पैसे घेतले आणि परस्पर पोरांच्या पगारात वाटून टाकले. बिल फाडायचं राहून गेलं. ते म्हणाले, नोटिशीत याचा उल्लेख नाही, त्यांनी विचारलं नाही ते आपण कशाला सांगायचं? तू म्हणालीस, बाबा, तुम्ही मंडळांचं खरं सांगताय त्यावर त्यांनी विश्वास ठेवावा असं वाटतं ना, मग हेही सांगा. केवढे चिडले होते! पोटची पोर सरकारी वकील झाली म्हणाले. ताट सरकवून गच्चीवर गेले. तासाभराने खाली आले आणि मला म्हणाले, भरून टाक. नवीन पाइपांसाठी ठेवलेल्या पैशांतून आपण त्या दोन कामांचा कर व्याजासकट भरला आणि त्या वर्षी मांडव जुन्याच पाइपांवर उभे राहिले. गेनबाने ते रंगवून असे चकाचक केले की दत्तोबाभावजींनी नवीन घेतले म्हणून आपलं अभिनंदन केलं.

सुनावणीला मी गेले होते. तू मुख्य परीक्षेच्या अभ्यासात, आणि तुझ्या बाबांना श्रीनिवासरावांनी स्पष्ट सांगितलं होतं, आपण कृपा करून घरी थांबा, आपण पुन्हा काहीतरी दाखवाल. साहेबांनी मंडळांची पत्रं वाचली, बँकेचे उतारे पाहिले. मग त्या दोन लग्नांचा कर भरल्याच्या चलनापाशी थांबले. पान मागे उलटून नोटीस पाहिली, पुन्हा पुढे आले. म्हणाले, हे तर मी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, नाही, पण मुलीने विचारलं. ते कसनुसं हसले. मंडळांच्या बाबतीतली मागणी त्यांनी मागे घेतली, आणि उठताना एवढंच म्हणाले की सूट द्यायला कायद्याची ना नाही, पण ती बिलावर दिसू द्या. एवढी साधी गोष्ट! पूर्ण भाडं लिहायचं, खाली सवलत लिहायची, खाली घेतलेली रक्कम. देवाची सेवाही होते आणि सरकारलाही समजते.

तेव्हापासूनची आपली शिस्त तू पाहिलीच आहेस, पण आता तू तिकडे असताना ती आणखी पक्की झालीय हे मला मुद्दाम सांगायचंय. पैसे जमा झाले की त्यातला कराचा भाग त्याच दिवशी मी वेगळ्या खात्यात टाकते. तो आपला नाहीच, आपल्याकडे राहायला आलाय, असं मी तुझ्या बाबांना सांगितलंय. आधी ते त्या खात्याकडे पाहुण्याच्या बॅगेकडे पाहावं तसं पाहायचे. आता स्वतःच विचारतात, टाकलेस का? विवरणपत्रांच्या तारखा कालनिर्णयावर चतुर्थीच्या शेजारी लाल पेनाने लिहिलेल्या आहेत आणि एकही चुकलेली नाही. फ्रेमा उतरवल्या. आणि यंदाच्या गणपतीत काय झालं माहितीय? आपल्या लाइनीतले चार-पाच मांडववाले माझ्याकडे आले, वहिनी, ते सवलतीचं बिल कसं करायचं ते दाखवा म्हणून. मी दुकानात सतरंजी टाकून त्यांना समजावत होते आणि तुझे बाबा प्रत्येकाला चहा देताना सांगत होते, आमच्या हिने साहेबांसमोर सुनावणी दिलीय. अगदी लग्नात उखाणा घेतल्यासारखे.

आता ज्यासाठी एवढं सगळं लिहिलं ते. गेल्या महिन्यात एका लग्नात तुझे बाबा मांडव उतरवायला उभे होते. पाहुण्यांपैकी एकाने खुर्चीच्या पाठीवरचं नाव वाचलं आणि यजमानाला विचारलं, ही त्या नव्या इन्स्पेक्टरबाईंची का? यजमान मोठ्याने हसले आणि म्हणाले, "म्हणून तर यांना दिलं काम. आता आपलं काम झालंच समजा." तुझे बाबा दोन पावलांवर उभे होते. घरी आले, हातपाय धुतले आणि पुन्हा चपला घालून दारात उभे राहिले. मी काय झालं विचारलं तर म्हणाले, माझ्या पोरीने माझ्याकडून न विचारलेलंसुद्धा भरून घेतलं, आणि तो माणूस म्हणतो काम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी थिनरचे डबे घेऊन ते गोदामात गेले.

मुक्ता, आपल्या गोदामात आता तुझं नाव कुठेही नाही. खुर्च्या, कनाती, ट्रक, दुकानाची पाटी, सगळीकडून ते निघालंय. श्रीनिवासरावांनी नोंदणीतल्या नावाच्या बदलाचा अर्ज केला, तो मंजूर झाला, आणि परवापासून बिलं नव्या नावाने निघतायत. नवं नाव तुझ्या बाबांनी मला न विचारता माझंच ठेवलं. म्हणाले, चूक झाली तर पकडायला खरा माणूस सापडला पाहिजे. खुर्च्या त्यांनी कुणालाही पुसू दिल्या नाहीत, गेनबालासुद्धा नाही. एकेक स्वतः पुसली. थिनर डोळ्यांत गेलं म्हणाले, गेलंही असेल. मागे फोनवर तू मला विचारलं होतंस, आई, खुर्च्यांवर अजून नाव आहे का गं? आणि मी हो म्हटल्यावर घाईघाईने जेवणाचं विचारलंस. मला कळलं होतं गं. बाबांनी ज्या प्रेमाने ते लिहिलं होतं ते पुसा म्हणायला तुझी जीभ रेटणार नव्हती, आणि तुला ते कधी म्हणावं लागू नये असं मला वाटत होतं. दिवाळीला दुकानासमोर रिक्षातून उतरशील आणि वर पाहशील, तेव्हा क्षणभरसुद्धा तुझ्या मनात येऊ नये की आम्ही तुला पुसलं, म्हणून हे पत्र. तुझ्या बाबांना तुझ्या नावाचा जेवढा अभिमान ते लिहिताना होता, त्याहून जास्त ते काढताना होता. मी शेजारी उभी होते, मी पाहिलंय. तुझ्या नावाला आता कुणाचाही मांडव चिकटलेला नाही. खुशाल सही कर.

तुझीच, हिशेबाला चोख आणि आज जरा हळवी झालेली,
आई